दोन वर्षांच्या लेकराला घेऊन दत्तक कुटुंबांच्या मेळाव्याला

आमच्या पहिल्या मेळाव्यात लेक अजिबात रडली नाही. तेव्हा ती दोन वर्षं चार महिन्यांची होती आणि घरी येऊन नऊ महिने झाले होते. अनोळखी खोलीत अनोळखी बाईच्या कडेवर मुकाट गेली आणि हातात एक ठोकळा धरून दीड तास बसून राहिली. "काय गुणी पोर आहे!" असं चौघांनी सांगितलं, आणि मीही फुशारले. रात्री अडीचला हॉटेलच्या खोलीत तिनं जो टाहो फोडला, तो उजाडेपर्यंत थांबला नाही. जवळ घ्यायला गेले की पाठीची कमान करून मला ढकलायची, सोडलं की आणखी जोरात रडायची.

त्यानंतर आम्ही आणखी तीन मेळावे केले. काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते हळूहळू कळत गेलं. परदेशात राहून भारतातून मूल दत्तक घेतलेल्या मराठी आईबाबांसाठी असं काही लिहिलेलं मला तेव्हा हवं होतं, म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे.

हे मेळावे असतात कसे

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पुण्यातल्या एका संस्थेतून 'कारा'मार्फत, म्हणजे दत्तकविधानाचं काम पाहणाऱ्या भारत सरकारच्या यंत्रणेमार्फत, आमच्याकडे आली. अमेरिकेत भारतातून मुलं दत्तक घेतलेल्या कुटुंबांचे मेळावे बहुधा उन्हाळ्यात, शुक्रवार ते रविवार असे असतात. काही दत्तकविधानाचं काम करणाऱ्या संस्था भरवतात, काही कुटुंबंच वर्गणी काढून जमवतात. जागा म्हणजे एखादं हॉटेल नाहीतर डोंगरातलं शिबिराचं ठिकाण. दिवसा मुलांचे खेळ आणि मोठ्यांच्या चर्चा, संध्याकाळी जेवण आणि नाच. जमणारे आईबाबा बहुतेक गोरे. आपल्यासारखी जोडपी दोन-चार.

२००४ साली अमेरिकेत परदेशांतून जवळजवळ २३ हजार मुलं दत्तक आली होती. २०२३ च्या सरकारी वर्षात हाच आकडा १,२७५ होता. २०२४ मध्ये चीनने तर परदेशी कुटुंबांसाठी दरवाजा जवळपास बंदच केला. त्यामुळे मेळाव्यांत आता पंचविशीतली, चाळिशीतली दत्तक मुलं-मुली भरपूर भेटतात आणि दुडुदुडु पळणारी लेकरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याचे परिणाम दोन. तुमचं पिल्लू प्रत्येकाला उचलून घ्यावंसं वाटणार. आणि ही मोठी झालेली माणसं स्वतःबद्दल जे बोलतात, ते ऐकायला मिळणं हा तुमच्यासाठी तिथला खरा ऐवज. दोन वर्षांच्या मुलाला त्या वर्षी मेळाव्यातून फारसं काही मिळत नाही. जायचं ते आपल्यासाठी. मुलाला फक्त नीट न्यायचं आणि नीट आणायचं. एवढं मान्य केलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पायरी पहिली: जायचं का?

मूल घरी येऊन सहा महिने झाले नसतील तर जाऊ नका. आयोजक कितीही प्रेमाने बोलावोत.

सहा महिने झाले असतील तरी एक गोष्ट तपासा. बागेत पडलं, गुडघा खरचटला, की मूल कुणाकडे धावतं? तुमच्याकडे येत असेल तर हरकत नाही. जवळच्या कुठल्याही बाईकडे हात पसरत असेल, किंवा कुणाकडेच न बघता उठून चालायला लागत असेल, तर एक वर्ष थांबा. संस्थेत वाढलेली बरीच मुलं कुणाच्याही कडेवर जातात. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर कौतुकाने म्हणायच्या, "किती माणसाळलेली आहे गं!" त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांनी वाढवलेल्या मुलांच्या बाबतीत ते खरंच होतं. पण पाळ्या बदलणाऱ्या मावश्यांच्या हाती वाढलेल्या लेकराने शिकलेली ती एक युक्ती असते: जो हात पुढे येईल तो धरायचा. ती सुटायला वेळ लागतो, आणि मेळाव्यात एकाच दिवशी दोनशे हात पुढे येतात.

ठरवता येत नसेल तर सोशल वर्करला विचारा. परदेशातल्या दत्तकविधानात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याचे अहवाल जातात, त्यामुळे ती घरी येणारच असते. आपण त्या भेटीत घर आवरून, चहा-बिस्किटं मांडून परीक्षेला बसल्यासारखे बसतो. त्याऐवजी हा प्रश्न विचारून तिचा उपयोग करून घ्या.

पायरी दुसरी: नाव नोंदवताना

पहिल्या वर्षी पूर्ण तीन दिवसांचं पॅकेज घेऊ नका. शुक्रवारी दुपारी, गर्दी व्हायच्या आत पोचायचं आणि शनिवारी संध्याकाळचा नाच सुरू व्हायच्या आधी निघायचं. एक रात्र पुरते. रिकामं सभागृह मुलाच्या पायाखालून गेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी भरलेलं सभागृह तितकं अंगावर येत नाही.

खोली तळमजल्यावरची मागा, बाहेर पडायच्या दाराजवळची, सभागृहापासून लांबची. फ्रिज असायलाच हवा. मुलांच्या खोलीत कोण असतं, एका ताईकडे किती मुलं, आणि आईबाबांना आत बसू देतात का, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या. "आत बसता येणार नाही" असं उत्तर आलं, तर त्या खोलीचा विचार सोडून द्या. फोटोंचंही विचारा. काही ठिकाणी ज्यांना फोटो नको असतील त्यांच्या बिल्ल्यावर वेगळ्या रंगाची टिकली लावतात. तशी सोय नसेल तर तुम्हीच सुचवा.

मग नवरा-बायकोत वाटणी ठरवा. कुठल्याही क्षणी दोघांपैकी एक जण पूर्णपणे मुलाचा. "अगं, तुझ्याकडे होती ना?" हे वाक्य मेळाव्यात एकदा जरी उच्चारलं गेलं तरी वाटणी नीट झाली नाही असं समजा. आम्ही कार्यक्रमपत्रिका छापून घेतो आणि प्रत्येक तासापुढे पेनाने नाव लिहितो. एकटी आई किंवा एकटे बाबा असाल, तर मुलाला रोज दिसणारं एखादं माणूस सोबत न्या. मावशी, मैत्रीण, कुणीही. एकट्याने हे जमतच नाही असं नाही, पण मग एकही चर्चा धड ऐकायला मिळत नाही, आणि जायचं कारण तर तेच होतं.

पायरी तिसरी: कागद आणि प्रवास

हे थोडक्यात. गाडीने जात असाल तर दर दोन तासांनी थांबा आणि मुलाला कार सीटमधून काढून चालू द्या. विमानाने जात असाल तर दुसरा वाढदिवस होऊन गेल्यावर मांडीवर बसवता येत नाही, वेगळं तिकीट लागतं. देशांतर्गत विमानात लहान मुलाला ओळखपत्र लागत नाही, तरी आम्ही तिचा पासपोर्ट आणि दत्तक आदेशाची झेरॉक्स बाळगतो; आडनाव किंवा चेहरा जुळत नाही म्हणून कुणी हटकलं तर बोलत बसावं लागत नाही. आईबाबांपैकी कुणी अमेरिकन नागरिक असेल आणि मूल आयएच-३ व्हिसावर (दत्तकविधान भारतातच पूर्ण झालेल्या मुलांना मिळणारा व्हिसा) आलं असेल, तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने घरी येतं. ते मात्र घरातच कुलपात ठेवा. ते हरवलं तर नवीन मिळवताना नाकी नऊ येतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्या बऱ्याच मुलांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. आपल्याकडे त्यांचं कुणाला काही वाटत नाही, पण पोहण्याच्या तलावाशी किंवा डायपर बदलताना अनोळखी माणसाला ते मार लागल्याचे वण वाटू शकतात. डॉक्टरांच्या नोंदीत ते लिहिलेले असतील तर त्या पानाचा फोटो फोनमध्ये असू द्या. आमच्याकडे एकीने फार काळजीने, आवाज खाली आणून विचारलं होतं. फोटो दाखवला आणि विषय तिथेच संपला.

पायरी चौथी: पिशवी

मेतकुटाची डबी, तुपाची छोटी बाटली, आणि हॉटेलची परवानगी असेल तर छोटा राइस कुकर. एवढ्यावर दोन दिवस निघतात. मेळाव्यातलं 'भारतीय जेवण' म्हणजे बहुधा नारिंगी रश्श्यातलं चिकन आणि नान, आणि दुपारी शिबिराचं नेहमीचं खाणं. त्यात अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न आणि गोल चकत्यांचे हॉटडॉग हमखास असतात, आणि चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकणाऱ्या पदार्थांत तिन्ही वरच्या नंबरावर. आपल्या पिशवीतले फुटाणे आणि शेंगदाणेही त्याच यादीतले, तेही नकोत. द्राक्ष द्यायचं तर उभे चार तुकडे करून.

गोधडी किंवा दुपटं न धुता न्या. मुद्दाम सांगते, कारण आपल्याला प्रवासाआधी सगळं धुऊन-वाळवून घेण्याची हौस असते. मुलाला हवा असतो घरचा वास.

पायरी पाचवी: घरची तालीम

जायच्या आधीचा आठवडाभर रोज झोपताना तेच चार-पाच वाक्यांत सांगायचं. "आपण गाडीतून जाणार. खूप माणसं असतील. आई तिथेच असणार. बाबा तिथेच असणार. मग आपण सगळे घरी येणार." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. या मुलाच्या आयुष्यात याआधी एकदा कपड्यांची पिशवी भरली गेली, गाडी आली, आणि ते ज्या घरातून निघालं तिथे पुन्हा गेलंच नाही. बॅग भरताना आमची लेक दाराआड जाऊन उभी राहायची. म्हणून आता आम्ही तिच्यासमोर भरतो आणि तिचा एक बूट मुद्दाम पलंगाखाली ठेवतो: "हा इथेच राहू दे, आपण आलो की घालू." घरी आल्याबरोबर ती आधी तो बूट काढते.

पायरी सहावी: प्रत्यक्ष तिथे

आमचा नियम चार गोष्टींचा. खाऊ, पाणी, डायपर आणि झोप, हे फक्त आई किंवा बाबांच्या हातून. बाकी कुणी चेंडू टाकला, गाणं म्हटलं, फुगा दिला, सगळं चालेल. उचलून घ्यायला कुणी हात पुढे केला की आपण पुढे व्हायचं आणि हसतच म्हणायचं, "आत्ता ती फक्त आमच्याकडेच येते हं." मेळाव्यातल्या लोकांना हे लगेच कळतं, त्यांनी स्वतः ते केलेलं असतं. अवघड जातं ते आपल्याला. "दे जरा माझ्याकडे" असं म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला सवय नाही, आणि त्यातून समोर वयाने मोठं माणूस असेल तर विचारूच नका.

पुरुषांचा अंदाज आधीच घेऊन ठेवा. संस्थेत दिवसभर बायकांचाच वावर असतो, त्यामुळे दाढीवाला, उंच, मोठ्या आवाजाचा माणूस बघून काही मुलं थिजतात. उलटही होतं: साडी नेसलेली, डोक्याला खोबरेल लावलेली एखादी बाई दिसली आणि लेक एकदम तिच्याकडे धावली. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मी जीन्सवाली आई, आणि तिचं अंग ओळखत होतं ते त्या साडीला. त्या बाईंनी फार शहाणपणा केला, खाली बसल्या, तिला हात न लावता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आई बघ, आई." मग मी माझी साडी काढली कपाटातून. आता घरी अधूनमधून नेसते.

गप्प मुलावर लक्ष ठेवा. रडणारं मूल आपलं काम चोख करत असतं, ते तुम्हाला बोलावत असतं. मुकाट बसलेलं, नजर एका जागी लागलेलं, हातातली वस्तू न खेळता नुसती धरून ठेवणारं मूल दिसलं की कार्यक्रम तिथेच सोडायचा. उचलायचं, खोलीत न्यायचं, पडदे ओढायचे, मऊ भात भरवायचा. दर पाऊण तासाने अशी सुट्टी ठेवली तर बहुधा ती वेळ येत नाही. दुपारची झोप तर कुणाच्याही भाषणासाठी चुकवू नका.

पायरी सातवी: ओळख करून देताना

शनिवारी सकाळी सगळे गोल बसतात आणि एकेक कुटुंब 'आपली गोष्ट' सांगतं. वातावरण हळवं असतं, कुणीतरी रडतं, आणि आपणही वाहवत जातो. मूल कुठे सापडलं, संस्थेत कुणी आणून दिलं, फाईलमध्ये काय लिहिलं होतं, असलं सगळं तोंडातून निघून जातं. तिथेच थांबा. ती गोष्ट तुमच्या मुलाची आहे. ते पंधरा वर्षांचं होईल तेव्हा त्याच्याआधी ती दोनशे लोकांना माहीत असलेली त्याला चालेल का, हे तुम्ही आज ठरवू शकत नाही. आम्ही तीन वाक्यं पाठ करून जातो: "आम्ही न्यू जर्सीहून आलो. लेक पुण्याची आहे, अमुक महिन्यांपूर्वी घरी आली. तिला सध्या झाकणं उघडायला फार आवडतात." तिसऱ्या वाक्यावर लोक हसतात आणि पुढच्या कुटुंबाकडे वळतात.

खासगीत विचारणारेही असतात. "तिची खरी आई?" या प्रश्नाला मी "जन्मदात्या आईबद्दल म्हणत असाल तर ते आम्ही तिच्यासाठी राखून ठेवलंय" असं म्हणते. भारतातून फोनवर येणारं "पुण्याचं काम केलंत" आणि "पोरीनं नशीब काढलं" हे त्याहून अवघड, कारण ते मायेने म्हटलेलं असतं. तिथे माझं उत्तर ठरलेलं: "नशीब आमचं." एवढंच, आणि विषय बदलायचा.

पायरी आठवी: मोठ्या झालेल्यांचं ऐकताना

याच सत्रासाठी इतका खटाटोप. ज्याची पाळी असेल त्याने वही घेऊन मागच्या रांगेत बसावं. तिशीतली मुलगी सांगते की वाढदिवस आला की तिला आठवडाभर आधीपासून उदास वाटतं. दुसरा सांगतो की त्याला आईवडील फार आवडतात, तरी "तू किती भाग्यवान" ऐकलं की डोकं फिरतं. एक जण अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या संस्थेत जाऊन आलेला असतो. भारताच्या दत्तक नियमांत मुळांचा शोध घेण्याची तरतूद आहे, पण फाईलमध्ये मिळतं किती, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. मध्ये बोलू नका. "पण आमच्या घरी तसं होणार नाही" हे तर मनातही आणू नका. प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारा: तुम्ही लहान असताना आईबाबांनी काय करायला हवं होतं? आम्हाला मिळालेलं सगळ्यात उपयोगी उत्तर होतं: संस्थेतून आलेले कपडे टाकू नका, कितीही विटलेले असले तरी. आमच्याकडचं झबलं तेव्हापासून डब्यात आहे.

एकाच संस्थेतली कुटुंबं भेटली की तारखा जुळवायचा खेळ सुरू होतो. तुमची कधी, आमचा कधी, म्हणजे सहा महिने एकाच खोलीत होते की! आम्हाला असं एक कुटुंब मिळालं. दोन्ही मुलांना एकमेकांची काडीची ओळख नव्हती. एकाने दुसरीचा फुगा हिसकावला, बस. तरी फोन नंबर घ्या आणि दोघांचा फोटो काढून ठेवा. पुढे कधीतरी ती ओळख त्यांना लागेल. डीएनए चाचणीचाही विषय निघतो, कुणाला तरी सख्खी बहीण सापडलेली असते. मोह होतो. मुलाच्या लाळेचा नमुना त्याच्या वतीने आपण पाठवू नये असं माझं मत आहे. ते मोठं झाल्यावर पाठवेल, नाहीतर नाही पाठवणार.

आपण मराठी असल्याची गंमत

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: तिथे तुम्ही पाहुणे कमी आणि 'भारत' जास्त असता. साडी नेसवून द्या, मेंदी काढा, या डाळीत काय घालतात, मुलीच्या कुरळ्या केसांना कुठलं तेल. पहिल्या वर्षी मी अकरा जणींना साडी नेसवली आणि माझ्या वाटणीचे दोन तास त्यातच गेले. आता एकच गोष्ट कबूल करते. गेल्या वेळी मी मोठ्या मुलांना कवळाण्याच्या गोपाळची गोष्ट सांगितली: नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. मुलांना भलतीच आवडली. मग दहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "मुलींना दत्तक नव्हते का घेत?" वारसासाठी मुलगाच लागायचा, हे तिला सांगताना माझी जीभ जड झाली. ती म्हणाली, "आता घेतात," आणि खेळायला पळाली.

पायरी नववी: परतल्यावर

पुढचे दोन दिवस कोरे ठेवा. कुणाकडे जेवायला नाही, पाळणाघर नाही, शक्य असेल तर ऑफिसची रजा. मूल चिकटून राहील, रात्री उठेल, सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात जाईल. आठवड्यात बहुधा गाडी रुळावर येते. दोन-तीन आठवडे होऊनही येत नसेल तर डॉक्टरांशी किंवा सोशल वर्करशी बोला. बाकी काही करायचं नाही. तेच जेवण, तीच अंगाई, तीच वेळ.

फोटो छापून घ्या, फोनमध्ये पडून राहू देऊ नका. आम्ही फ्रिजच्या दारावर खाली, तिच्या उंचीला लावतो. पहिल्या वर्षी ती ते नुसते उपटायची. दुसऱ्या वर्षी बोट ठेवून "फुगा" म्हणायची. आता फुगा हिसकावणाऱ्याचं नाव घेते आणि तो यंदा येणार का ते विचारते.

नोंदणी कधी सुरू होते ते आयोजकांना हिवाळ्यातच विचारून ठेवा. तळमजल्याच्या खोल्या आधी संपतात.